एकविसावा रांजण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. तेव्हा वर्षं मोजायची पद्धत निघायची होती, आणि कुठल्या नदीने कुठे वाहायचं तेही नीटसं ठरलेलं नव्हतं. अशाच एका नदीच्या काठी रंगाऱ्यांची एकवीस घरं होती.

घरं एकवीस आणि रंग एकच, निळा. प्रत्येक अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक रांजण. त्यात नीळ, चिमूटभर चुना, गूळ आणि गव्हाचा कोंडा घालून आंबवत ठेवायचं. नीळ जिवंत असते, बरं का. तिला भूक लागते, थंडी वाजते, ती रुसते. खुशीत असली की पाण्यावर तांब्याच्या रंगाची साय धरते. नासली की करडी पडते, आणि तिच्यात बुडवलेलं पागोटं मळक्या फडक्यासारखं बाहेर येतं.

नासलेल्या निळीवर या रंगाऱ्यांकडे एकच औषध होतं. थाप. रांजणाच्या धन्याने बाजारात जाऊन एक सणसणीत थाप मारायची. लोकांनी ती खरी मानली की नीळ सुधारते, अशी त्यांची पक्की समजूत. एकवीस घरांची एक पंचायतही होती, आणि तिचं मुख्य काम हेच. कुणाचा रांजण बिघडला की बाकीच्या वीस जणांनी गंभीर चेहऱ्याने त्याची थाप गावभर पोचवायची. पंचायत याला मदत म्हणत असे. नीळ कधी सुधारे, कधी न सुधारे. गावाची करमणूक मात्र चुकत नसे.

एका वर्षी राजाने नवा तट बांधायला काढला आणि नवी फौज उभी केली. फौजेला निळी पागोटी हवी होती. फर्मान निघालं: पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत प्रत्येक घराने शंभर पागोटी द्यावीत. ज्याची कमी पडतील, त्याचा रांजण मातीने बुजवावा आणि ते घर वेशीबाहेर घालवावं.

पौर्णिमेला दहा दिवस असताना घाटाच्या वरच्या टोकाच्या घरातली नीळ करडी पडली. त्या घरात एक विधवा रंगारीण आणि तिच्या दोन मुली राहत. वेशीबाहेर त्या तिघींचं कुणी नव्हतं. रांजण गेला म्हणजे सगळंच गेलं.

तिने रीतीप्रमाणे थाप मारली. म्हणाली, राजाचा सुळेवाला हत्ती व्याला. वीस रंगाऱ्यांनी मान डोलवत ती गावभर नेली. निम्मं गाव हत्तीखान्याशी जमलं. दोघीतिघींनी तर झबली-टोपडीही नेली. नीळ तशीच करडी.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला उतरली, तर पायरीवर पांढरा थर. बोटाने चाखून पाहिला, चुना. ती काठाकाठाने वर चालत गेली. घटकाभराच्या वाटेवर तटासाठी चुना विरवायचे मोठमोठे खड्डे खणलेले होते, आणि त्यांचं पाणी सरळ नदीत सुटत होतं. चिमटीने द्यायचा चुना निळीच्या पोटात घागरीने जात होता.

ती धावतच पंचायतीत आली. धापा टाकत म्हणाली, "नदीचं पाणी रांजणात घालू नका. वर राजाचा चुना विरतोय. माझी नीळ त्यानेच बसली. उद्या तुमची बसेल."

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलवल्या. पंचायतीचे प्रमुख, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनीही. एकजण शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "हत्तीपेक्षा ही बरी जमलीय. हिला धार आहे."

तिने शपथ घेतली. ते म्हणाले, वा. ती रडली. ते म्हणाले, वहिनी, आता तर दगडसुद्धा विश्वास ठेवेल. मग वीसही जण उठले, तिची थाप बाजारात पोचवून आले, आणि घरी परतताना प्रत्येकाने नदीतून एकेक घागर भरून आपल्या रांजणात ओतली.

रंगारिणीने सांगणं सोडलं. डोंगराच्या कुशीत एक झरा होता. मुलींना घेऊन ती तिथून पाणी आणू लागली. नासलेलं उपसलं, गोडं पाणी भरलं, गूळ-कोंडा चारला आणि घरातली एकुलती एक गोधडी रांजणाभोवती गुंडाळली.

पौर्णिमेला पाच दिवस उरले. त्या सकाळी एक रंगारी बाजारात आला आणि म्हणाला, देवळाचा कळस उडून शेजारच्या गावच्या देवळावर जाऊन बसला. त्याचं संपतं न संपतं तोच दुसरा आला. नदीत दाढीवाला मासा सापडला म्हणाला. मग तिसरा, मग चौथा. दुपारपर्यंत वीसच्या वीस बाजारात उभे होते, प्रत्येकाच्या तोंडी एकेक थाप, आणि ती गावभर न्यायला मोकळा असा एकही माणूस उरला नव्हता.

हळूहळू आवाज बंद पडले. ते एकमेकांकडे पाहू लागले. कुणी हसलं नाही.

"तुझीही नीळ बसली?" अण्णांनी माशाच्या धन्याला विचारलं. त्याने मान खाली घातली.

वीसही जण घाटाच्या वरच्या टोकाला गेले. रंगारीण रांजणापाशी बसली होती. पाण्यावर तांबूस साय धरली होती. तिने एक चिंधी बुडवून वर काढली. चिंधी हिरवी निघाली आणि वारा लागताच त्यांच्या डोळ्यांदेखत निळी झाली.

आता पेच बघा. जिवंत नीळ दुसऱ्या रांजणात विरजणासारखी घातली, तर ती उठायला तीन दिवस लागतात. शंभर पागोटी रंगवायला दोन. म्हणजे वीस घरं वाचायची, तर विरजण त्याच दिवशी द्यायला हवं होतं. आणि वीस घागरी उपसल्यावर तिच्या रांजणात उरणार होता फक्त गाळ.

अण्णा म्हणाले, "बाई, मागायला आम्हांला तोंड नाही. तू खरं सांगितलंस आणि आम्ही त्याची गंमत केली. तुझी शंभर आधी कर."

तिने मुलींकडे पाहिलं.

"माझी होईपर्यंत तुम्ही वेशीबाहेर असाल," ती म्हणाली. "घागरी आणा. झऱ्यावर धुऊन आणा."

तीन दिवस काठावर कुणाचा डोळा लागला नाही. झऱ्यापासून घाटापर्यंत माणसांची रांग लागली. घराघरातल्या गोधड्या रांजणांभोवती गेल्या आणि माणसं कुडकुडत बसली. तिसऱ्या दिवशी एकेक रांजण उठला. वीसही उठले. रंगारिणीचा एकविसावा काही केल्या उठेना.

अण्णांनी सांगितलं, प्रत्येक रांजणातली पहिली पाच पागोटी तिच्या दारात जातील. एकजण पुटपुटला, आधी आपली करू, वेळ उरला तर तिची. अण्णा म्हणाले, "उरलेल्या वेळातलं आपलं. पहिलं तिचं."

पौर्णिमेचा सूर्य टेकला आणि राजाचा कारभारी आला. मागे मातीच्या पाट्या घेतलेले गडी. रंगारिणीच्या दारात शंभर होती. एकोणीस घरांत शंभर-शंभर होती. अण्णांचे हात म्हातारे. त्यांच्या दारात पंच्याण्णव निघाली.

कारभाऱ्याने खूण केली. पहिली पाटी अण्णांच्या रांजणात पडली. वरची तांबूस साय फाटली आणि पाणी गढूळ झालं.

रंगारीण तिथून निघाली. आपल्या रांजणाच्या काठावर पाय आत सोडून बसली. "इथेही टाका," ती म्हणाली. "ही शंभर माझी नाहीत. माझ्या रांजणातून यंदा एकही पागोटं निघालेलं नाही."

तिच्या शेजारचा आपल्या रांजणावर जाऊन बसला. मग त्याच्या शेजारचा. जो आधी पुटपुटला होता, तोही बसला. कुणी हात जोडले नाहीत, कुणी ओरडलं नाही. एकोणीस माणसं आणि ती, पाय सोडून, मातीची वाट पाहत.

गड्यांनी दुसरी पाटी उचलून धरली होती. कारभारी काठावरून एक फेरी मारून आला. एकवीस रांजण बुजवले, तर पुढच्या वर्षी फौजेला रंग कोण देणार, आणि राजा त्याचा जाब कुणाला विचारणार, हे त्याला चालता चालता उमगलं असावं.

"पाच पागोटी किती वेळात होतील?" त्याने विचारलं.

"आम्ही एकोणीस जण आहोत," माशाचा धनी म्हणाला. "तुम्ही पाणी पिऊन होईपर्यंत."

कारभाऱ्याने ती ओली पाचही नेली. चुन्याचं सगळं ऐकून घेतलं आणि राजाच्या कानावर घातलं. खड्डे घाटाच्या खालच्या अंगाला गेले. शेजाऱ्याच्या विरजणाने रंगारिणीचा रांजण पुढे उठला, माती पडलेला अण्णांचा मात्र पुन्हा कधी उठला नाही. ते अखेरपर्यंत रंगारिणीच्या रांजणात रंगवत राहिले, आणि पंचायतीत तिने तोंड उघडलं की बाकीचे आधी घागरी खाली ठेवत.

तात्पर्य: सोबत्याचं दुखणं खरं मानलं, की अर्धा उपाय तिथेच होतो, उरलेला अर्धा सगळ्यांनी मिळून करायचा असतो.