दगडावर बसलेला कामप्रमुख

वेत्रवती नदीच्या काठी शंखसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व हत्तीच्या जन्माला आला होता. राजाने तलावाला बांध घालायला घेतला होता. मजूर पुढून दोराने दगड ओढीत आणि बोधिसत्त्व मागून कपाळाचा टेका देई.

या कामावर कालसेन नावाचा प्रमुख होता. कोण अंग चोरतो ते नीट दिसावे म्हणून तो ओढायच्या दगडावरच छत्री धरून बसत असे, गुळाच्या ढेपेवर माशी बसावी तसा. तिथून तो दिवसभर ओरडे.

"ए सुमना, दोर ओढतोस की कुरवाळतोस? एवढाच दगड काल कसा भराभर चढला?"

काल कालसेन तापाने घरी पडून होता, म्हणून दगडावर कोणी बसलेले नव्हते, हे त्याला कोणी सांगितले नाही. दुपारी मजूर भाकरी खायला बसले की तो म्हणे, "चावता तरी किती!"

शेवटी मजुरांनी ठरवले, की दुसऱ्या दिवशी राजा काम पाहायला आला म्हणजे शेवटच्या चढावर सर्वांनी एकदम दोर सोडायचा. मजुरांची म्होरकी भद्रिका हत्तीपाशी आली.

"गजदादा, मी हात वर केला की तू फक्त बाजूला हो, मग मी 'सोडा' म्हणेन. कालसेन जरा खालच्या चिखलात लोळला म्हणजे त्याची जीभ थंड होईल."

बोधिसत्त्व म्हणाला, "भद्रिके, चिखल मऊ आहे, पण दगड मऊ नाही. आणि दोघे बरोबरच खाली पोचतील."

"मग जन्मभर त्याचे ऐकत बसायचे?"

"मीही ऐकतोच. आणि माझे कान तुझ्याहून बरेच मोठे आहेत."

भद्रिकेला हसू आले, पण राग गेला नाही.

दुसऱ्या दिवशी राजा बांधावर येऊन उभा राहिला. राजा पाहतो आहे म्हणून कालसेन दुप्पट ओरडू लागला. शेवटचा चढ आला आणि भद्रिकेने हात वर केला.

बोधिसत्त्व बाजूला झाला नाही. त्याने कपाळ दगडाला घट्ट लावले, सोंडेने कालसेनाला छत्रीसकट उचलले आणि अलगद खाली ठेवले. आता दोर सुटला असता तर दगड हत्तीवरच आला असता. भद्रिकेचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने तो खाली घेतला आणि ती ओरडली, "ओढा रे!"

बोधिसत्त्व कालसेनाला म्हणाला, "स्वामी, तुम्ही उतरलात आणि दगड हलका झाला. जरा दोर धराल, तर आणखी हलका होईल."

राजासमोर नाही कसे म्हणणार? कालसेनाने दोर धरला. थोड्याच वेळात त्याला असा दम लागला, की शिवी द्यायला तोंड उघडले तरी इतरांसारखे "हैशा"च बाहेर पडले. दगड वर पोचला.

राजाने विचारले, "कालसेना, एवढा मोठा दगड इतक्या लवकर चढला कसा?"

सगळे मजूर त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. कालसेनाने आपले लाल झालेले तळवे पाहिले.

"महाराज," तो धापा टाकीत म्हणाला, "मी खाली उतरलो."

कालसेनाचे ओरडणे त्यानंतरही थांबले नाही. पण तो चालत चालत ओरडू लागला आणि जेवताना गप्प बसू लागला.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराच्या बांधकामावर देखरेख करणारा, ज्याच्या नावाने तुम्ही सकाळपासून कुरकुरता आहात, तो तेव्हा कालसेन होता. मजूर तुम्हीच होता. हात खाली घेणारी भद्रिका आज तुम्हाला भिक्षा वाढणारी उपासिका आहे, आणि तो हत्ती मी होतो." ज्याचा त्रास सोसायचा, त्यालाही पडू द्यायचे नाही, ही क्षांती होय.