क्षेमकाचे दुसरे जेवण

पूर्वी शूर्पारक बंदरात एक वृद्ध राजा नीतीने राज्य चालवीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तेथील एका मीठवाल्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव क्षेमक. वयात आल्यावर त्याने धनचिंतकाचा व्यवसाय धरला. लोकांनी मिळवलेल्या पैशांतले काय खावे, काय व्यापारात घालावे आणि काय आपत्तीसाठी राखावे, हे सांगणारा तो धनचिंतक.

हा धंदा शिकायला सोपा आणि चालवायला अवघड. माणूस कोवळ्या वैद्याला एक वेळ नाडी दाखवील, पण पैशाची गाठ सोडून दाखवायची तर समोरच्याचे केस पिकलेले लागतात. क्षेमकाने उमेदीची वर्षे गुरूच्या ओसरीवर काढली. गुरूची रीत अशी की सल्ला मागणाऱ्याच्या घरी आधी जेवायला जायचे. ताट पाहिले की घर कळते, असे ते म्हणत, आणि तृप्त होऊन सल्ला देत.

गुरू गेल्यावर क्षेमक एकटा बसू लागला, तेव्हा त्याच्याकडे चिटपाखरूही फिरकत नव्हते. शेवटी एक कोळीण आली, तीही दुसरे कोणी तिला दारात उभे करीत नव्हते म्हणून. तिच्या घरी तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी विसरलेली छत्री आणायला गेला, तर ते घर भाताबरोबर नुसते मीठ खात होते. तेव्हापासून त्याने रीत बदलली. पहिले जेवण बोलावल्यावर, दुसरे न सांगता. पहिल्यात घराची हौस कळे, दुसऱ्यात घर. मोबदला तो त्या घराकडूनच घेई, सुगीला थोडे तांदूळ. लोकांकडून भांडवल गोळा करणाऱ्या तारवांच्या मालकांकडून सुपारीचे खांडही घेत नसे. हळूहळू त्याचे नाव झाले आणि राजाच्या कानावरही गेले.

त्या नगरात शंख कापून बांगड्या करणाऱ्यांची आळी होती. शंखाची भुकटी छातीत बसते, त्यामुळे तिथले कारागीर ऐन चाळिशीत धापा टाकू लागत. आळीत पुन्नक नावाच्या कारागिराच्या शब्दाला मान होता. जन्मभराची पुंजी तारवात घालावी की नाही, हे विचारायला त्याने क्षेमकाला जेवायला बोलावले. त्याची बायको सोणा हिने साळीचा भात, तूप, वडे आणि खीर असा बेत केला. पुन्नक हसतमुखाने शेजारी बसला होता, फक्त पाणी फार पीत होता.

संध्याकाळी मणिगुप्त नावाचा तारवाचा मालक क्षेमकाकडे आला. त्याचे तारू सुवर्णभूमीला निघायचे होते आणि भांडवल कमी पडत होते. पुन्नकाने पैसे घातले की सारी आळी घालणार, हे त्याला ठाऊक होते. राजा नवा कोषाध्यक्ष शोधतो आहे आणि आपला शब्द तिथे चालतो, हेही त्याने बोलता बोलता सांगितले.

“खोटं बोला असं मी म्हणत नाही, आचार्य,” तो म्हणाला. “तारू चांगलं आहे, नावाडी जाणते आहेत. तुम्ही घर बघितलंत. आता दुसऱ्यांदा जाऊ नका, एवढंच.”

बोधिसत्त्व झाला म्हणून त्याला कशाची इच्छाच नव्हती, असे कोणी समजू नये. क्षेमकाला ते पद हवे होते. एक जेवण चुकवल्याने कुणाचे काय जाते, असे त्याच्या मनात आले. मग त्याला वाटले, काय जाते ते जाऊनच पाहायला हवे.

दुसऱ्या दिवशी तो न सांगता पुन्नकाच्या दारात उभा राहिला. सोणा उसन्या तुपाचे भांडे घासत होती. ते शेजारणीला परत द्यायचे होते. चुलीवर पातळ पेज होती. पुन्नक परसात भिंतीला हात टेकून खोकत होता, आणि खोकला थांबला तरी त्याचा श्वास जागेवर येत नव्हता. सोणा खाली मान घालून म्हणाली, की काल यांनी पाणी पिऊन पिऊन खोकला दाबला.

पुन्नक आत येऊन बसला. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

“माझा दम सरायच्या आत दुप्पट झालं पाहिजे,” तो म्हणाला. “हळूहळू वाढायला मला वेळ कुठं आहे?”

क्षेमकाला त्याची फार दया आली. सोणाने दिलेली पेजेची वाटी खाली ठेवून तो म्हणाला, “तारू परत येतं वाऱ्याच्या सवडीनं, चूल रोज पेटते. ज्याला थांबता येतं त्यानं तारवात घालावं. तुला थांबता येणार नाही.”

मग त्याने घडी बसवून दिली. खाडीकाठची नारळाची एक पट्टी सोणाच्या नावाने घ्यायची, कणगी भाताने भरून ठेवायची, आणि पुन्नकाने शंख कापणे सोडून बांगड्या विकायला बसायचे. तारवात अगदी थोडे घालायचे, कालच्या खिरीला लागले तेवढेच, असे तो थट्टेने म्हणाला. पुन्नक हसला नाही, पण त्याने ऐकले.

आळीतल्या बहुतेकांनी हात आखडता घेतला. मणिगुप्ताने भांडवल दुसरीकडून उभे केले आणि तारू गेले. कोषाध्यक्षाचे पद दुसऱ्याला मिळाले. क्षेमकाला वाईट वाटले, आणि बरेच दिवस त्याचे मन कशात रमले नाही.

तारू परतायचा हंगाम आला आणि गेला, तारवाचा पत्ता नव्हता. त्या हिवाळ्यात पुन्नक अंथरुणाला खिळला आणि थंडी सरता सरता वारला. तो गेला तेव्हा घरात तांदूळ होते.

पुढच्या वर्षी तारू आले, आणि सोन्याने भरून आले. पैसे घातलेल्यांचे दुप्पट झाले. आचार्यांनी आळी बुडवली, असे मणिगुप्त चारचौघांत सांगत फिरला. आळीतले लोक क्षेमकाशी बोलेनासे झाले.

क्षेमक सोणाकडे गेला. तिचे बोल ऐकून घ्यायची त्याची तयारी होती. भर जेवणाची वेळ होती. सोणा शेजारणीकडे धावली नाही. तिने चुलीवरची पेज वाटीत घातली, वर खवलेला नारळ घातला आणि ती त्याच्यापुढे ठेवली.

“तारू आलं, चांगलं झालं,” ती म्हणाली. “पण ते येईपर्यंत आम्ही काय खाल्लं असतं, हे कुणी विचारत नाही. जेवा, आचार्य. यातलं काहीच उसनं नाही.”

ही पूर्वजन्मीची कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, विहारातल्या सभेला म्हणाले, “भिक्षूहो, त्या वेळचा पुन्नक म्हणजे या विहाराचा म्हातारा माळी. सोणा म्हणजे रोज सकाळी आपल्याला पेज आणणारी उपासिका. मणिगुप्त आज चीवर घालून तुमच्यातच बसला आहे आणि मन लावून ऐकतो आहे. आणि दोनदा जेवणारा क्षेमक मीच होतो.”

दाखवले तेवढ्यावर न थांबता पुन्हा जाऊन पाहणे, आणि पाहिले त्याच्याशी इमान राखणे, ही त्या जन्मीची प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची पूर्णता.