म्हादबाने घेतलेला बॅकअप

एका गावात एक भोळा म्हादबा होता. भोळे तसे गावात पुष्कळ, पण बाकीचे अधूनमधून विश्रांती तरी घेत. म्हादबा आप्पा वाघमोड्यांच्या फोटो स्टुडिओत कामाला होता. पडदा झटकायचा, दिवा धरायचा आणि आप्पा सांगतील ते करायचं. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तेच तर दुखणं होतं.

आप्पांची एकुलती एक लेक रेवती. तिचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. तिचे बारशापासूनचे सगळे फोटो दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होते, आणि तो हल्ली पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा.

"पोरगी तर सासरी चालली," आप्पा म्हणाले, "निदान तिचे फोटो तरी राहू देत रे बाबा माझ्याजवळ."

म्हणून त्यांनी बॅकअपचं सॉफ्टवेअर आणलं. ते एकेक प्रश्न विचारी, आप्पा उत्तर सांगत आणि म्हादबा बटण दाबी.

पहिलाच प्रश्न आला, नक्कल कुठे ठेवू?

"इथंच की," म्हादबा म्हणाला. "मूळ फोटोंच्या शेजारी. एकमेकांना सोबत होईल."

"अरे शहाण्या, इथं आग लागली तर दोन्ही जळतील ना! जास्तीची वस्तू नेहमी लांब ठेवावी."

"बरं, आप्पा."

दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली विहिरीत पडली.

"म्हादबा, जास्तीची किल्ली आण."

"ती माझ्या बहिणीकडं ठेवलीय, आप्पा. एसटीनं पाच तास. लांब ठेवावी म्हणालात ना?"

आप्पांनी आधी कपाळावर हात मारला, मग कुलपावर दगड.

पुढचा प्रश्न. दरवेळी सगळे फोटो घेऊ, की बदललेले तेवढेच?

"बदललेलं तेवढंच घ्यायचं," आप्पा म्हणाले. "एकदा घेतलेलं पुन्हा घेऊन जागा कशाला अडवायची?"

"बरं, आप्पा."

हळदीच्या दिवशी आप्पा पाहुण्यांत अडकले, म्हणून कॅमेरा म्हादबाच्या हातात दिला. दुपारी बघतात तो काय! चाळीस फोटो, आणि चाळीसही रेवतीच्या मामांचे.

"अरे, बाकीची माणसं मेली का? आत्या कुठंय?"

"आत्या साखरपुड्यात घेतलीय की. तीच आत्या, तेच नाक. मामांनी तेवढी मिशी काढलीय, म्हणून ते घेतले."

ओरडायलाही आप्पांना वेळ नव्हता. लेक जायच्या आत काम उरकायचं, म्हणून ते हळदीच्या अंगानेच कॉम्प्युटरपुढे बसले. आता पासवर्ड ठरवायचा होता.

"हा कुणालाही सांगायचा नाही. साक्षात ब्रह्मदेवानं विचारलं तरी तोंड उघडायचं नाही."

"बरं, आप्पा. मग झालं का सगळं?"

"नाही रे. नुसती नक्कल घेऊन काय उपयोग? गेलेलं परत येतं का, ते एकदा बघावं लागतं. परत आलं की जीव भांड्यात पडतो."

आप्पांनी एक फोटो पुसला आणि नकलेतून परत आणला. दोन वर्षांची रेवती, तोंडभर श्रीखंड. आप्पांचे डोळे भरून आले. तेवढ्यात शेवटचा प्रश्न उगवला, हे रोज करू, की आठवड्यातून एकदा?

"ते लग्नानंतर सांगतो," आप्पा नाक पुसत म्हणाले.

लग्नाच्या सकाळी म्हादबाला वऱ्हाडाच्या स्वागताला फाट्यावर उभं केलं. गाड्या आल्या. नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं, "लग्नाच्या मांडवाचा पत्ता काय हो?"

म्हादबा गालात हसला. "ब्रह्मदेवानं विचारलं तरी नाही सांगायचा!"

वऱ्हाड तीन गावं फिरून आलं. मुहूर्त कसाबसा गाठला, भटजींनी मंगलाष्टकं पळवली, आणि एकदाचं लग्न लागलं.

संध्याकाळी पाठवणी झाली. गाडी वळणाआड गेली तसे आप्पा मांडवाच्या खांबाला धरून ढसाढसा रडले. "गेली रे, म्हादबा! माझी पोर गेली!"

म्हादबाने वळणाकडे बघितलं. गेली? मग परत येते का, ते कुणी बघितलं होतं? कुणीच नाही! एवढी मोठी माणसं, आणि एवढं साधं कळू नये? त्याने धावत जाऊन मोटारसायकलला किक मारली.

तासाभराने मांडवापुढे गाड्यांची रांग लागली. पुढे धावत रेवती, मागे घाबरलेला नवरदेव, त्याच्यामागे विहीणबाई, हातात तांदळाचं माप तसंच.

"आप्पा! काय झालं तुम्हाला? मी माप ओलांडायला पाय उचलला होता, तेवढ्यात म्हादबाकाका ओरडत आले, आहेस तशी चल म्हणून!"

आप्पांना काही सुधरेना. म्हादबाने रेवतीला नीट न्याहाळलं. मंगळसूत्र, हिरवा चुडा, जोडवी. मग तो आनंदाने म्हणाला, "येते, आप्पा! परत येते! अख्खी आलीय, काही गहाळ नाही. पडला का जीव भांड्यात?"

विहीणबाईंनी हातातलं माप धाडकन खाली ठेवलं.

"आता तेवढं शेवटचं सांगून टाका," म्हादबा म्हणाला. "रोज, की आठवड्यातून एकदा?"

आप्पांनी लेकीकडे बघितलं. विहीणबाईंकडे बघायचं काही त्यांना धाडस झालं नाही.

"दर शुक्रवारी लाव," ते हळूच म्हणाले.