सात घंटांची जुनी गाडी

फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षांमागची? तुमच्या पणज्याचा पणजा तेव्हा शेंबूड पुसायला शिकत होता, आणि तेही त्याला नीट जमत नव्हतं. ऐकणाऱ्यांत कोणी म्हातारे असतील तर त्यांनी हसू नये, त्यांचंही अजून तसंच आहे.

तर तेव्हा एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला दगडी वेस, वेशीवर राखणदार, राखणदारापुढे नगारा. त्या गावात माणसाचा मान त्याच्या गाडीला घंटा किती यावर ठरे. एका घंटेची बैलगाडी आली तर राखणदार बसल्या जागी जांभई देई. तीन घंटांची आली तर उठून रामराम करी. सात घंटांची आली की नगारा वाजवी, आणि अख्खं गाव हातातलं काम टाकून रस्त्याच्या कडेला हात जोडून, मान खाली घालून उभं राही. गाडीत कोण बसलंय ते कोणी पाहत नसे. मान खाली घातल्यावर दिसणार काय, बैलांचे खूर?

या गावात एक कासार होता. आसपासच्या सपाटीवरच्या गावांत बांगड्या विकायचा. त्याची गाडी एका घंटेची. वीस वर्षं त्याने राखणदाराची जांभई खाल्ली होती. राखणदाराच्या मागच्या दाढा किती किडल्यात ते त्या राखणदाराच्या बायकोपेक्षा कासाराला जास्त ठाऊक होतं.

त्याची एकुलती एक लेक घाटावर दिलेली होती. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही त्या मुलखाची रीत. सातव्या महिन्यात तिला खाली आणायचं ठरलं, आणि नेमका त्याच वेळी जुन्या गाडीचा कणा मोडला.

नवराबायको सुताराच्या अंगणात गेले. अंगणात गाड्या उभ्या होत्या.

एका घंटेची होती, नुसत्या फळ्या आणि चाकं. तीन घंटांची होती, कोरी करकरीत. तिच्यावर चटईचं छप्पर, आणि मागच्या चाकांपाशी दाबलाकूड. उतारावर दोरी ओढली की हे लाकूड चाकाला घट्ट दाबून धरी आणि गाडी आवरे. आणि एका कोपऱ्यात सात घंटांची होती. एका जहागीरदाराने वापरून काढून टाकलेली. मखमली गादी, आरशांचं छप्पर, पितळी मोर, आणि चाकांवर लाल-पिवळी फुलं रंगवलेली. वापरलेली म्हणून ती नव्या तीन घंटांच्या भावातच मिळत होती.

कासाराचे डोळे त्या मोरावर जाऊन बसले. मोर उठला असता, डोळे उठेनात.

बायको हळूच म्हणाली, "अहो, हिला ते दाबलाकूड दिसत नाही कुठं."

"हळू बोल. तीन घंटांच्या गाडीला आहे ना?"

"आहे."

"मग सातवालीला असणारच. वरच्यात खालचं सगळं येतं. आतल्या बाजूला असेल कुठंतरी."

"विचारा तरी."

कासार तिच्यावर डोळे वटारून कुजबुजला, "अगं, सात घंटांची गाडी घेणारा कधी विचारतो का? विचारणारा एका घंटेचा असतो. आत्ताच हसं करून घेऊ?"

आता हे तुम्ही हसताय, पण बाजारात तुम्हीही असंच करता. मी पाहिलंय.

खरी गोष्ट अशी होती, की सात घंटांच्या गाडीला दाबलाकूड कधीच नसे. ते लाकूड चाकाला घासलं की फुलांचा रंग निघे. आणि ज्यांच्या त्या गाड्या, त्यांना त्याची गरजही नसे. उतार आला की त्यांचे आठ गडी मागून दोर धरून गाडी आवरत चालत. मोर, आरसे, गादी एवढं गाडीबरोबर मिळे. गडी मिळत नसत.

सुताराला हे माहीत होतं. तो रंध्याची धार बघत गप्प राहिला. "शोभेल हो तुम्हाला, कासारशेट," एवढंच म्हणाला. जन्मात पहिल्यांदा कोणी शेट म्हटलं. झालं, गाडी घेतली.

त्या दिवशी वेशीवर नगारा वाजला आणि गाव हात जोडून उभं राहिलं. कासाराने छाती एवढी फुगवली की अंगरख्याचे दोन बंद तुटले. बायको तेवढी चाकांकडे वाकून बघत होती.

दुसऱ्या दिवशी दोघं घाट चढून गेले. चढावर थांबवायची गरज पडत नाही, तेव्हा काही कळलं नाही. सासरच्यांनी मोराला हात लावून पाहिला. लेकीला गादीवर बसवलं, आणि गाडी उताराला लागली.

कासाराच्या बैलांची नावं कोसा आणि मोऱ्या. त्या काळी बैल बोलत. पुढं माणसं फार बोलायला लागली, तेव्हा त्यांनी सोडून दिलं.

कोसा म्हणाला, "मोऱ्या, मागून कोण ढकलतंय रे?"

मोऱ्या म्हणाला, "कोणी नाही. गाडीच आपल्या मागं लागलीय."

कासाराने दोरी शोधायला मागे हात घातला. गादीखाली चाचपलं, मोराच्या पोटाखाली चाचपलं. दोरी नव्हती. तेव्हा त्याचं तोंड पडलं, आणि बायकोने ते पाहिलं. पहिल्या वळणावर कडेला भुसभुशीत मातीचा उंचवटा होता. तिने मखमली गादी त्यावर फेकली आणि लेकीला दोन्ही हातांनी गादीवर लोटून दिलं. सबंध सात घंटांच्या थाटात कामाला आली ती ही एक गादी.

"आता तू उडी मार," कासार ओरडला.

पण तोवर गाडी उधळली होती, आणि एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. बायको मागे सरकली आणि चाकाच्या आऱ्यांत आपलं लुगडं कोंबू लागली, घोंगडी कोंबू लागली. चाकाने ते सगळं गिळलं.

खाली वेशीवर राखणदाराने सात घंटा ऐकल्या. अशा जोराने वाजणाऱ्या घंटा त्याने जन्मात ऐकल्या नव्हत्या. कोणी फारच मोठा येतोय असं समजून त्याने नगारा बडवायला घेतला. गाव धावत बाहेर आलं. पागोटी नीट केली, हात जोडले, माना खाली घातल्या.

वेशीपाशीच कडब्याच्या पेंढ्यांचा डोंगर रचलेला होता. चार माणसांनी पेंढ्या रस्त्यात टाकल्या असत्या तरी गाडी रुतून थांबली असती. कासार तेच ओरडत होता, "कडबा टाका रे, कडबा टाका." पण त्याचा आवाज त्याच्याच घंटांनी खाऊन टाकला.

एक तेलीण तेवढी नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे बैल पळतायत, का पळवले जातायत?"

"मान खाली घाल," तेली म्हणाला. "मोठ्यांची गाडी अशीच येते."

गाडी वेशीच्या खांबावर आदळली तेव्हा गावाने माना वर केल्या.

कोसा जागीच गेला. मोऱ्या त्याच्या अंगावर मान टाकून पडला होता. कासाराचा पाय मांडीपासून मोडला. त्याची बायको चाकाखाली होती, आणि चाकावरची फुलं तशीच होती, एकाचाही रंग गेला नव्हता.

लेक सावकाश घाट उतरून, पोट धरून, अनवाणी चालत आली. तिच्यासाठी नगारा वाजला नाही. पण राखणदाराने जांभईही दिली नाही.

कासार सुताराला म्हणाला, "दाबलाकूड नव्हतं. सांगितलं का नाहीस?"

सुतार म्हणाला, "शेट, तुम्ही विचारलंत कुठं?"

दोन महिन्यांनी लेकीला मुलगी झाली. कळा येत होत्या तेव्हा ती आईला हाका मारत होती, आणि बाप दाराबाहेर ऐकत बसला होता.

सुताराने त्या गाडीचा कणा बदलला, मोराची चोच सरळ केली आणि ती पुन्हा अंगणात उभी केली. कासार रोज काठी टेकत येई आणि अंगणाच्या दाराशी बसे. गिऱ्हाईक आलं की विचारी, "ही उताराला थांबते का, विचारलंत का?"

एके दिवशी एक विड्याच्या पानांचा व्यापारी आला. त्याचं घाटावर जाणं-येणं होतं. त्याचे डोळे मोरावर बसले.

"हा दाराशी कोण बडबडतोय?" त्याने सुताराला विचारलं. तेवढं मात्र विचारलं.

"होता एक सात घंटांवाला," सुतार म्हणाला. "ही शोभेल हो तुम्हाला, शेट."

संध्याकाळी वेशीवर नगारा वाजला. गाव हात जोडून उभं राहिलं. रस्त्याच्या कडेला एकच माणूस मान वर करून, काठीवर भार देऊन, चाकांकडे बघत होता.

तात्पर्य: वस्तू घेताना जो प्रश्न विचारायची लाज वाटते, तोच प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा.