दोरा झाला का?

"डोक्यावरून उपरणं घेऊन, भिंतीकडं तोंड करून रोज काय करता तुम्ही, अण्णा?"

प्रश्न रेवणचा, पण सूर भांडणाचा होता.

सिद्रामअण्णांनी वळून पाहिलं नाही. दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. देवळाच्या नगारखान्यात, नेहमीच्या कोपऱ्यात ते बसले होते आणि उपरण्याखाली त्यांचे दोन्ही हात हलत होते...

रेवण दारातच उभा राहिला. गाल सुजलेला, बगलेत कापडात गुंडाळलेली सनई. सकाळच्या आरतीला त्यानं सनई तोंडाला लावली आणि ती नुसती किंचाळली. पुढचा दात हलत होता. सनई धरतो तो ओठ, आणि ओठाला आधार दातांचा. दात गेले की सूर गेला, हे रेवणला कुणी सांगायला नको होतं. ज्या सनईच्या जोरावर तो पंचक्रोशीत कुणाला जुमानत नव्हता, ती आज त्याला ओळख दाखवत नव्हती.

तो घाबरला होता. आणि घाबरलेली माणसं बहुधा करतात तेच त्यानं केलं. तो दुसऱ्यावर चिडला.

"बोला की, अण्णा."

"लई दुखतंय?"

"ते सोडा. तुम्ही ऐंशीला टेकलात, तरी तोंडातला दात हलला नाही. माझी अजून चाळिशी नाही आणि पुढचा दात डुगडुगतोय. लोक म्हणतात, गुरू शेवटची विद्या राखून ठेवतो. मला खरं वाटत नव्हतं."

उपरण्याखालचे हात थांबले.

"ती विद्या द्या, नाहीतर मी निघालो. पुन्हा हा जिना चढायचा नाही."

बोलून तर गेला, पण जिन्याकडं वळला नाही. ज्या माणसानं फुंकर कशी घालायची इथपासून शिकवलं, त्याच्याशी असं कधी तो बोलला नव्हता.

"दोरा झाला का?" अण्णांनी विचारलं.

पुन्हा तेच! गंडा बांधला त्या दिवसापासून अण्णा रोज जेवणानंतर हेच विचारत आले होते. त्या दिवशी धुपाच्या धुरात त्यांनी पांढऱ्या रेशमी दोऱ्याच्या रिळातला एक तुकडा तोडून रेवणच्या मनगटावर बांधला. आजपासून तू माझा शिष्य, अशी ती खूण. मग उरलेलं रीळ त्याच्या ओंजळीत ठेवून ते म्हणाले होते, "हा दोरा रोज. जेवल्यावर. चुकू नको."

"झाला की," रेवण म्हणाला. "रोज होतो. एक दिवस चुकलो असेन तर शपथ."

"मग हिरड्या सुजल्या कशा?"

"तेच तर विचारतोय मी!"

अण्णा आता पुरते वळले. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"रीळ कुठाय?"

"देवघरात. लाल फडक्यात."

"किती उरलंय?"

"किती म्हणजे? सगळंच्या सगळं आहे. वाराही लागू दिला नाही मी त्याला."

"सगळं..."

"रोज जेवल्यावर बाहेर काढतो. डोळ्यांना लावतो, कपाळाला लावतो, परत ठेवतो."

"आणि दातांना?"

रेवणला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"दातांना... कशाला?"

अण्णांनी सनईची पत्ती तासायची सुरी उचलली.

"हात पुढं कर."

रेवणनं हात पुढं केला. सुरीचं पातं गंड्याखाली सरकलं, आणि काय होतंय ते त्याला समजेपर्यंत मनगटावरचा जुनाट दोरा तुटून जमिनीवर पडला.

"अण्णा!"

शिष्य म्हणून मिळवलेलं सगळं त्या दोऱ्यात होतं. दात गेला, सनई गेली, आता गुरूही गेला. तो खाली बसला आणि त्याला रडू आलं. त्याची त्याला लाजही वाटली नाही.

अण्णांनी उपरणं बाजूला केलं. मांडीवर पडलेला दोरा त्यांनी पुन्हा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळला, मधे ताणून धरला. त्यांनी तोंड उघडलं. दोरा दाढांच्या फटीत उतरला, दाताला कवळून हिरडीपर्यंत गेला, वर आला. मग पुढची फट...

रेवण बघत राहिला. इतकी वर्षं ज्याला तो गुप्त साधना समजत होता, ती ही!

"मग उपरणं कशाला घ्यायचं डोक्यावरून?"

"तोंडात बोटं घालायची ती काय चारचौघांत?" अण्णा म्हणाले. मग खालच्या आवाजात, "मी विचारत राहिलो, तू झाला म्हणत राहिलास. एकदा बघायला पाहिजे होतं मी. चुकलं माझं."

त्यांनी आपल्या रिळातून नवा दोरा तोडून त्याच्या हातात दिला.

"सुजलंय तिथं आज नको. बाकीच्या फटींत घाल. खसकन ओढू नको, हळू सरकव."

रेवणच्या बोटांतून दोरा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा आत गेला, कालच्या भाकरीचा कण घेऊन आला, आणि सोबत लाल होऊन आला.

"रक्त!" त्यानं दोरा टाकला. "अण्णा, हे बरं नाही."

"उचल. नवा घे. रक्त बघून इथंच सगळे सोडतात. रोज केलंस की थांबेल."

"आणि हलतोय तो दात? तो राहील?"

"मला काय ठाऊक? संध्याकाळच्या आत तालुक्याला जा, दातांच्या डॉक्टराला दाखव. बाकीच्या दातांचं मात्र तुझ्याकडं."

रेवणनं नवा दोरा बोटांना गुंडाळला. पुन्हा लाल. तो थांबला नाही. शेवटी तुटलेला गंडा जमिनीवरून उचलून त्यानं दोन्ही तळव्यांवर धरला.

"हा परत बांधाल का, अण्णा... कधीतरी?"

अण्णांनी उपरणं डोक्यावर ओढलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"दोरा पांढरा बाहेर येईल त्या दिवशी मनगट घेऊन ये."