भुरकोजीचा पहारा

माणसांना अजून घड्याळ ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. पळसाच्या रानात सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहायचा. सगळे खाली पाचोळा उलथून किडे वेचायचे आणि एक जण शेंड्यावर बसून पहारा द्यायचा. ऊन जरा सरकलं की तो खाली उतरे, दुसरा वर जाई. ही त्यांची जुनी रीत.

पण भुरकोजीची नजर सगळ्यांत तेज आणि त्याचा त्याला भारी ताठा. एके दिवशी पाळी संपली तरी तो हटेना. "माझ्यासारखी नजर आहे का कुणाची? आज दिवसभर मीच बसतो!"

सकाळी त्याने साप हेरला, मुंगूस हेरलं. थव्याची मान उंचावली. दुपार कलली तसा समोरच्या फांदीवर शिक्रा येऊन बसला. भुरकोजीने त्याच्याकडे पाहिलं आणि वाळका खुंट समजून नुसता पाहतच राहिला.

खालून थव्यातल्या म्हाताऱ्या साळूआक्काने किंकाळी फोडली, म्हणून सगळे काटेरी जाळीत घुसून वाचले. भुरकोजीची शेपटी तेवढी शिक्र्याच्या पंजात राहिली.

"आक्का, डोळे उघडेच होते गं माझे!" तो रडकुंडीला आला.

"होते रे. पण त्यांच्यामागे जागं कोण होतं?"

दुसऱ्या दिवशी ऊन सरकताच भुरकोजीने स्वतःच हाक दिली, "चला, वर या कुणीतरी!"

शेजारच्या पोपटाने टोमणा मारला, "काय रे, इतक्यात दमलास?"

बिनशेपटीचा भुरकोजी छाती फुगवून म्हणाला, "दमलो नाही, दमायच्या आधीच उतरतोय. आमच्यात दमलेल्याला पहाऱ्यावर बसवत नाहीत!"