जिवासारख्या जिवाचा वसा

ऐका बायांनो, जिवासारख्या जिवाची कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं गिरजा नावाची सून होती. पहाटे उठे, दळण दळी, सगळ्यांना वाढी. मग उरेल ते आपण खाई.

एके दिवशी ती नदीवर धुणं घेऊन गेली. तिथं तीन बाया बोलत होत्या. गिरजानं विचारलं, "बायांनो, कसला वसा वसता?"

अमीनाबी म्हणाली, "आमच्यात सांगतात, आपल्या जिवाला हवं तेच दुसऱ्याच्या जिवाला चिंतावं."

मार्थाबाई म्हणाली, "आमच्यातही तेच. लोकांनी आपल्याशी जसं वागावंसं वाटतं, तसं आपण लोकांशी वागावं."

पद्माक्का म्हणाली, "आम्ही जैन तर मुंगीचाही जीव आपल्यासारखाच धरतो."

गिरजा म्हणाली, "आमच्यातही सगळ्यांत एकच जीव म्हणतात. एवढं सगळ्यांना ठाऊक, मग कुणी वसत का नाही? हा वसा मला द्या."

तिघी म्हणाल्या, "घेशील, पण मधेच टाकशील."

"टाकणार नाही."

पहिल्या दिवशी नवरा जेवायला बसला. गिरजानं त्याला शिळी भाकरी वाढली. त्यानं ताट सारलं. दुसऱ्या दिवशी सासरा बसला. त्याला करपलेला भात वाढला. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्यांना आमटीचं वरचं पाणी वाढलं. पाहुणे उपाशी उठले. गिरजा म्हणाली, "हा माझा वसा आहे."

सासरा म्हणाला, "तो वसा टाक, नाहीतर माहेरी चालती हो."

गिरजानं वसा टाकला नाही. गाठोडं बांधलं, नदीवर आली, रडू लागली. मग तिघींनी विचारलं, "काय वाढलंस गं त्यांना?"

"मी रोज खाते तेच. तसूभर वेगळं नाही."

मग अमीनाबी म्हणाली, "वेडे, आम्ही 'हवं' म्हटलं, 'मिळतं' म्हटलं नाही. तुला काय हवं?"

गिरजानं एकदा आठवून पाहिलं, दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. म्हणाली, "ठाऊक नाही. मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही."

मागं सासू म्हाळसाबाई उभी होती. सुनेला चार शब्द सुनवायला आली होती. ती गिरजाशेजारी घाटाच्या पायरीवर बसली. म्हणाली, "चाळीस वर्षं झाली. मलाही ठाऊक नाही."

मग दोघी घरी आल्या. सासरा दारात आडवा आला. "हिला परत कशाला आणलीस?"

सासू म्हणाली, "ही जाईल तिथं मी जाईन. तवा तुम्ही सांभाळा."

सासऱ्यानं चुलीकडं पाहिलं, तव्याकडं पाहिलं, मग वाट सोडली.

सासूनं भाकरी थापली. टम्म फुगली, वर लोण्याचा गोळा ठेवला, गिरजाला दिली. गिरजानं घास घेतला. म्हणाली, "आत्याबाई, हे हवं." मग तशीच भाकरी तिनं सासूला दिली, नवऱ्याला दिली, सासऱ्याला दिली.

सासरा म्हणाला, "आमच्याआधी जेवलीस?"

गिरजा म्हणाली, "हो मामंजी. त्याशिवाय तुम्हांला काय वाढायचं ते कळेना."

सासरा गालात हसला, सरकून बसला, शेजारी दोन पाट मांडले. उपाशी गेलेल्या पाहुण्यांना बोलावणं धाडलं. सगळे एका पंगतीत जेवले.

गिरजाला जे हवं ते उमगलं, ते घरादाराला मिळालं, तसं तुम्हांआम्हांला, आपल्यांना नि परक्यांना मिळो. बायांनो, नुसतं ऐकून उठू नका. आज पहिल्या पंगतीला बसा. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, पुरी झाली.